भट्टी निवली ती सकाळ

तिला जाग आली तेव्हा समोरच्या भिंतीवर ऊन होतं. ते ऊन आहे हेच आधी तिला कळलं नाही. कोणीतरी भिंतीचा तेवढाच तुकडा रंगवून ठेवलाय असं वाटलं. पिवळसर, तिरका, खालच्या बाजूला कपाटाच्या कडेशी जाऊन मोडलेला. ती त्याच्याकडे बघत नुसती पडून राहिली. लग्न होऊन या खोलीत आल्यापासून तिनं ही भिंत दिव्याच्या उजेडात पाहिली होती, दुपारच्या सावलीत पाहिली होती. सकाळी इथे ऊन येतं, खिडकीच्या गजांसकट येतं, हे तिला ठाऊकच नव्हतं. मग रस्त्यावरचे आवाज वर आले. शाळेच्या बसचा हॉर्न, समोरच्या लाँड्रीचं शटर वर जातानाची घरघर, कोणीतरी स्कूटरला मारलेल्या किका. सगळे आवाज ओळखीचे होते, पण ते तिनं नेहमी खाली काउंटरमागे उभं राहून ऐकलेले, पहिला घाणा विकून संपत आलेला असताना. इथे, पाठीखाली गादी असताना, ते दुसऱ्याच कुठल्यातरी गल्लीतले वाटत होते. आणि मग एकदम तिच्या लक्षात आलं. आज पाव झाला नव्हता.

तरी ती उठली नाही. उठायला हवं, हे तिला कळत होतं. पायांना ते सांगायचं राहून जात होतं. तिनं कधी घड्याळाचा गजर लावला नव्हता. लग्नानंतर पहिले काही महिने नवरा अंधारात उठून खाली जायचा तेव्हा तिलाही जाग यायची, पुढे त्याच्या आधी यायला लागली, आणि तो गेल्यावर तर शरीरानं ते काम आपणहून अंगावर घेतलं. ताप असो, पाऊस असो, मुलगी सुट्टीला आलेली असो, गल्लीतलं कुत्रंही उठलेलं नसताना तिचे डोळे टक्क उघडायचे. मुलगी म्हणायची, "आई, तुला किल्ली कोण देतं गं?" आज कोणी दिली नव्हती. शरीरानं तिला न विचारता रजा घेतली होती. भट्टीवरचा कारागीर मनगट मोडून गावी जाऊन बसलेला, म्हणजे खाली दुसरं कोणी नाही. काल संध्याकाळी मळून ठेवलेलं पीठ आता काठवटीबाहेर आलं असेल, फडकं वर उचलून, फळीवरून ओघळत जमिनीपर्यंत. तिला ते दिसायला लागलं, आणि दिसता दिसता मनात आलं की पाठ दुखत नाहीये. खांदेही नाहीत. हे इतकं विचित्र होतं की तिनं उजवा हात वर करून खांदा चाचपून पाहिला.

भट्टी गार पडता कामा नये, असं सासूबाईंचं म्हणणं होतं. नव्या नवरीला घर दाखवतात तशी त्यांनी तिला आधी भट्टी दाखवली होती. "गार पडली की विटा तडकतात," त्या म्हणाल्या, "आणि एक दिवस पाव चुकला की गिऱ्हाईक दुसरीकडची वाट शिकतं." दुकानाच्या पाटीवरही तेच होतं. डाव्या बाजूला मोठ्या लाल अक्षरांत 'न विझणारी भट्टी', उजव्या बाजूला निळ्यात 'थंडगार आइस्क्रीम'. गल्लीत कोणी दुकानाचं नाव घेत नसे. गरमकडे चाललोय, गारकडे चाललोय, एवढंच म्हणत. गरम ही आबांची, म्हणजे तिच्या सासऱ्यांची. तरुणपणी ते दुसऱ्याच्या बेकरीत पीठ मळायला होते; मग ही एक खोली आणि तिच्या पोटात आधीच बांधलेली भट्टी त्यांना भाड्यानं मिळाली, आणि ते दोघं त्याच खोलीत पाव करायचे, विकायचे आणि पोत्यांवर झोपायचे. गार ही सासूबाईंची. उन्हाळ्यात भट्टीसमोर उभं राहून त्या इतक्या वैतागल्या की एका बंद पडलेल्या हॉटेलातून हातानं फिरवायचं आइस्क्रीमचं यंत्र घेऊन आल्या. आबांनी विचारलं, हे कशाला, तर म्हणाल्या, या घरात मला बसायला एक तरी गार जागा पाहिजे. शेजारची खोली पुढे घेतली, मधल्या भिंतीला खिडकी पाडली आणि त्या खिडकीपाशी स्टूल टाकून आयुष्यभर बसल्या. थोरल्यानं भट्टी घेतली, धाकट्यानं आइस्क्रीम. थोरला, म्हणजे तिचा नवरा, अंगानं बारीक, कायम घामेजलेला, कमी बोलणारा. धाकटे भाऊजी गोल, हसरे, बोटांची टोकं सदा पांढरी पडलेली. ताजा बन थोरल्यानं खिडकीतून पलीकडे द्यायचा, भाऊजींनी तो चिरून आत आइस्क्रीम भरायचं आणि पोरांनी ते दोन्ही हातांनी धरून पळत सुटायचं, कारण थांबलं तर कोपरापर्यंत ओघळ. त्याला गल्लीनं 'ऊनसावली' असं नाव ठेवलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात तिनं तो खिडकीखाली लपून खाल्ला होता, सासूबाईंनी वरून पाहिलं आणि पदरानं तिची हनुवटी पुसून दिली होती, बोलल्या काहीच नाहीत.

उन्हाचा तुकडा जरासा सरकला होता. आपण पडून आहोत आणि ऊन चालतंय. तिला वाटलं, आता खाली लोक येऊन गेले असतील. रोज सकाळी पाव न्यायला येणारे मास्तर पिशवी घेऊन आले असतील, बंद शटर बघून उभे राहिले असतील. लाँड्रीवाला मान वर करून खिडकीकडे बघून गेला असेल. आणि आबा. आबा रागावत नसत. त्यांचं न रागावणंच तिला जड जायचं. एकदा तिच्या हातून अख्खा घाणा करपला होता, तेव्हा त्यांनी एक काळा पाव उचलला, मोडला, आतला पांढरा भाग शांतपणे खाल्ला आणि उठून गेले. ती दिवसभर त्यांच्या मागे मागे होती, काहीतरी बोलतील म्हणून. आज ते खालच्या खुर्चीत बसले असतील, गुडघ्यांवर हात ठेवून, समोर बंद शटर. त्यांना जिना चढता येत नाही, नाहीतर... नाहीतर काय, हे तिला पुढे सुचेना.

या भीतीच्या खालून दुसरंच काहीतरी वर येत होतं आणि ती ते दाबत होती. तिला बरं वाटत होतं. पाव झाला नाही, आणि बस शाळेला गेली, स्कूटर चालू झाली, लाँड्री उघडली. काही कोसळल्याचा आवाज आला नव्हता. तिला स्वतःची लाज वाटली. नवरा गेला तेव्हा सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की आता भट्टी बंद होणार, गारवर घर चालेल. तेव्हा एका पहाटे तीच उठून खाली गेली होती. तोवर तिनं फक्त बिस्किटं बांधली होती, काउंटर सांभाळला होता. लाकडं कशी रचायची, पीठ कधी ऐकतं, कधी अडून बसतं, हे तिनं कारागिराला विचारत, हात भाजत शिकून घेतलं. का, ते तिनं कोणाला सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. आबांची भट्टी आहे, आबांच्या डोळ्यांदेखत विझायला नको, एवढंच तिच्या डोक्यात होतं. आणि आणखी एक गोष्ट होती, जिच्याजवळ ती सहसा जात नसे. तो गेला त्या दिवशी ती इथे नव्हती. आईला बरं नाही म्हणून माहेरी गेली होती. तो याच पलंगावर झोपला आणि उठला नाही. भट्टीची वेळ टळली, पाव निघाला नाही, आणि तेव्हा भाऊजी वर आले आणि त्यांनी दार ढकललं.

ती ताडकन उठून बसली. इतका वेळ आपण इथे पडून ऊन बघतोय. याच खोलीत. पाव न काढता.

दाराबाहेर जिन्याची फळी करकरली. मघाशीही करकरली होती, आता तिला आठवलं. एकदा नव्हे, मधून मधून. तिला मांजर वाटलं होतं. तिनं साडी सारखी केली, केस मागे घेतले आणि दार उघडलं. दाराला आतून कडी लावलेली नव्हती. तो गेल्यापासून ती लावत नसे, आणि का लावत नाही हे घरात कोणी बोललं नव्हतं.

सगळ्यात वरच्या पायरीवर भाऊजी तिच्याकडे पाठ करून बसले होते. अंगात आइस्क्रीमचा पांढरा एप्रन, हातांची घट्ट घडी. दाराचा आवाज ऐकूनही ते लगेच वळले नाहीत. मग वळले. त्यांच्या चेहऱ्याला रंग नव्हता. त्यांनी तिच्याकडे बघितलं, पायांपासून वर, आणि परत पायांपर्यंत.

"वहिनी," ते म्हणाले.

"झोप लागली हो मला, भाऊजी." तिचा आवाज झोपेनं जाड झाला होता. "कशी लागली काय की. हाक तरी मारायची."

"मारणार होतो." ते उठायला गेले आणि परत बसले. "दोनदा हात वर केला. कडी लावलेली नसते, मला माहीत आहे. नुसतं ढकलायचं. पण नाही जमलं. म्हटलं, बसतो इथेच. जोवर दार ढकलत नाही तोवर..." त्यांनी एप्रनच्या कडेनं तोंड पुसलं, घाम पुसल्यासारखं. "आबा खालून सारखे विचारतायत. मी नुसतं थांबा, थांबा म्हणतोय."

ती त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. जिना अरुंद होता, दोघांचे खांदे भिंतींना लागत होते. एवढ्या वर्षांत ते दोघं असे शेजारी कधी बसले नव्हते. मध्ये नेहमी खिडकी असायची, नाहीतर ट्रे, नाहीतर गिऱ्हाईक. त्यांच्या अंगाला व्हॅनिलाचा वास होता. तिला वाटलं, त्या दिवशी दार ढकलल्यावर यांनी आत काय पाहिलं, हे आपण यांना कधी विचारलं नाही. सगळे आपल्याला विचारायला यायचे, तू कशी आहेस. यांना कोणी विचारलं होतं?

"तो झोपल्यासारखाच होता," भाऊजी आपणहून म्हणाले, तिनं न विचारताच. "एका कुशीवर. मी म्हटलं, आज बरा सापडला, चांगली थट्टा करू. म्हणून पाय धरून ओढला. हे मी आबांनाही सांगितलेलं नाही. थट्टा करायला गेलो होतो हे."

"तुम्ही नेहमीच करायचात त्यांची," ती म्हणाली. "त्यांना आवडायचं."

"आवडायचं?"

"वर येऊन सांगायचे मला. आज धाकट्यानं असं केलं, तसं केलं. एरवी बोलायला दुसरं काय असायचं त्यांच्याकडे?"

भाऊजी हसले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते वाहू दिले, एप्रनला हात लावला नाही. खालून आबांची हाक आली, बारीक, कापरी. "काय रे? आहे का?" त्यांनी 'उठली का' असं विचारलं नव्हतं.

"आहे मी, आबा," तिनं वरून उत्तर दिलं. "आले."

आबा जिन्याच्या तोंडाशी उभे होते. खुर्ची मागेच राहिली होती. त्यांनी पहिल्या पायरीवर एक पाय ठेवला होता आणि कठडा दोन्ही हातांनी धरला होता, चढायचा प्रयत्न करून मध्येच अडकल्यासारखे. ती खाली येईपर्यंत ते तसेच उभे राहिले. मग त्यांनी तिचं मनगट धरलं, घट्ट, आणि सोडलं नाही.

"ताप वगैरे?"

"नाही आबा. झोप लागली."

"हं," ते म्हणाले. "चहा घे आधी."

"भट्टी पेटली नाही आज, आबा."

"हो का," आबा म्हणाले. कोणा दुसऱ्याच्या भट्टीची खबर ऐकावी तसं.

तिला वाटलं, त्यांना कळलं नाही. "गार पडली असेल ना. विटा तडकतील. सासूबाई म्हणायच्या."

आबांनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्यामागे उभ्या असलेल्या धाकट्याकडे, मग परत तिच्याकडे. "ती काय, बरंच काही म्हणायची. अगं, थोरला झाला तेव्हा आठवडाभर कोण पेटवत होतं भट्टी? मी हिच्या, तुझ्या सासूच्या, खाटेपाशी बसून होतो. आतला घुमट खचला तेव्हा गवंडी महिनाभर आत बसून होता. विटा कशाला तडकतात? तापवताना घाई केली तर तडकतात, निवताना नाही."

"मग पाटीवर..."

"पाटीचं असं झालं," आबा खुर्चीत बसले, अजून तिचं मनगट हातात होतं म्हणून तिलाही वाकावं लागलं. "रंगाऱ्यानं नाव लिहिलं आणि म्हणाला, डावीकडे एवढी जागा रिकामी दिसते, काहीतरी सांगा. मी म्हटलं, पाव काढ एक. त्याला पाव काढता येत नव्हता, उशीसारखा दिसायला लागला. तर ही म्हणाली, लिही, न विझणारी भट्टी. उजवीकडे 'न वितळणारं आइस्क्रीम' लिहायला निघाली होती. मी अडवलं. म्हटलं, भट्टीचं एक वेळ खपेल, आइस्क्रीमवाल्याला पोरं मारतील."

भाऊजी मोठ्यानं हसले. ती हसली नाही. तिला हसू येत होतं, पण ते कुठेतरी अडकलं होतं. इतकी वर्षं. अंधारात चाचपत उतरलेल्या सगळ्या पायऱ्या, बाळंतपणानंतर, तापात, तेराव्याच्या... रंगाऱ्याला सुचलेली रिकामी जागा. तिला राग यायला हवा होता. ती त्या रागाची वाट बघत थोडा वेळ तशीच वाकून उभी राहिली. आला नाही. त्याच्या जागी सासूबाई दिसल्या, खिडकीपाशी स्टुलावर, एका हाताला भट्टीची धग आणि दुसऱ्या हाताला बर्फ, गिऱ्हाइकाला ठोकून थाप मारताना तोंडावरची रेषही न हलवणाऱ्या. आणि मग तिला हसू आलं, आणि आल्यावर थांबेना.

"मला सांगायचं नाही का, आबा," ती डोळे पुसत म्हणाली. "मी तुमच्यासाठी उठत होते."

"मला वाटलं, तू त्याच्यासाठी उठतेस," आबा म्हणाले. आता त्यांनी तिचं मनगट सोडलं. "म्हटलं, त्यात तिला बरं वाटत असेल तर मी मध्ये कशाला पडू? रोज तुझी पावलं वाजायची जिन्यावर. मी जागाच असायचो. पावलं वाजली की झोपायचो. आज वाजली नाहीत."

भाऊजींनी चहा ठेवला, नेहमीपेक्षा जास्त साखर घालून, आणि तिघांनी तो बंद शटरच्या आड बसून प्यायला. बाहेर कोणीतरी शटरवर टकटक केलं. भाऊजींनी ओठांवर बोट ठेवलं, शाळेतल्या पोरासारखं, आणि तिघं गप्प बसले. टकटक करणारा निघून गेला.

चहा झाल्यावर ती भट्टीपाशी गेली. लोखंडी दार उघडून तिनं हात आत घातला, कोपरापर्यंत, मग आणखी. या भट्टीत तिनं उघडा हात कधीच घातला नव्हता. नेहमी पाव सारायचं लांब दांड्याचं फावडं आत जायचं आणि ती बाहेर. आत ऊब होती. कालची, परवाची, कोण जाणे कधीची, विटांमध्ये मुरलेली, पांघरुणात आत्ताच कोणीतरी झोपून उठल्यावर राहते तशी. तिनं तळवा विटेवर टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. माहेराहून धावत आली होती तेव्हा त्याच्या कपाळावर ठेवलेला हात तिला आठवला, आणि आठवणीनं या वेळी तिला मागे ढकललं नाही. वीट उबदार होती, एवढंच.

पीठ खरंच काठवटीबाहेर आलं होतं. फडक्यासकट फळीवर लोळत होतं, मधोमध खचलेलं, आंबूस वासाचं. ती बाह्या वर करून बसली. टाकून द्यायचं मनात आलं, पण हातांनी आधीच कोरडं पीठ ओढून घेतलं होतं. जुनं आणि नवं एकत्र मळता मळता ती म्हणाली, "आबा, यापुढे पाव दुपारी काढला तर?"

"दुपारी?"

"उजाडल्यावर उठायचं, चहा प्यायचा, मग भट्टी. शाळा सुटायच्या वेळेला ताजा. सकाळी ज्यांना हवा ते आदल्या दिवशीचा नेतील."

आबांनी विचार केला, किंवा केल्यासारखं केलं. "सकाळी ताजा पाव खाऊन पोट दुखतं, असं माझे वडील म्हणायचे," ते म्हणाले.

"म्हणायचे?" भाऊजींनी विचारलं.

"आता म्हणायला लागतील," आबा म्हणाले.

भट्टीला आज कोणी घाई केली नाही. लाकडं सावकाश धरली. ती मधून मधून बाहेर जाऊन रस्त्यावर उभी राहत होती. दुपारची गल्ली तिनं अशी रिकाम्या हातांनी पाहिली नव्हती. लाँड्रीवाला इस्त्री बाजूला ठेवून पेंगत होता. एका गॅलरीत वाळत घातलेली चादर फुगत होती, बसत होती. तिच्या छातीत सकाळपासून कशाची तरी पकड ढिली होत चालली होती आणि दर वेळी तिला वाटायचं, झालं, आता एवढीच. तर थोड्या वेळानं आणखी थोडी सुटायची.

पाव निघाला तेव्हा शाळेची बस परतत होती. भाऊजींनी शटर वर केलं आणि वास रस्त्यावर गेला. आबांनी पहिला मोडून खाल्ला. "आंबूस झालाय," ते म्हणाले, आणि दुसरा घेतला. माणसं यायला लागली, नेहमीची, अवेळी आल्यामुळे थोडी बावरलेली. लाँड्रीवाल्यानं विचारलं, धुराडं साफ झालं का, एवढ्यात कसं झालं. शिंपीणबाई म्हणाल्या, पिठाची गाडी आली वाटतं उशिरानं. दूधवाला तर तिला बघून चाट पडला. त्याला आबांनी सांगितलं होतं की सूनबाई माहेरी गेल्या. सकाळी आबांनी आणि भाऊजींनी शटरआडून गल्लीत काय काय कारणं पेरून ठेवली होती, ती आता एकेक उगवत होती. भाऊजी खिडकीपलीकडे उगाचच फ्रीजर पुसत राहिले, आबा छताकडे बघत राहिले.

मग मास्तर आले. पिशवी झटकून काउंटरवर ठेवली, चष्मा सारखा केला. "सकाळी येऊन गेलो," ते म्हणाले. "बंद होतं. काय झालं होतं?"

खिडकीपलीकडे भाऊजी पुसायचे थांबले. लाँड्रीवाला अजून तिथेच होता. शिंपीणबाई पायरीवर होत्या. तिच्या तोंडाशी धुराडं आलं, पिठाची गाडी आली.

"झोप लागली," ती म्हणाली. "उठलेच नाही."

मास्तरांनी मान हलवली. "चार द्या," ते म्हणाले.

तिनं चार पाव कागदात बांधले. गरम होते, कागदाला लगेच ओल आली.